पळसाचे द्रोण कॉलेज कॅन्टीनला: मशीनच्या आधी पानाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात दहा-बारा जणींचा बचत गट आहे. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आणि गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात पळस मुबलक आहे. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी इथल्या तीन-चार कॉलेज कॅन्टीनला द्रोण आणि नाश्त्याच्या ताटल्या द्यायच्या आहेत. गटाकडे अडीच लाखांच्या आसपास रक्कम उभी राहू शकते. कोणतं मशीन घ्यावं?

मशीनचं खाली सांगतो. पण ताईंनो, या धंद्यात मशीन बंद पडून नुकसान झालेले गट कमी आणि श्रावणात पान संपून किंवा बुरशी लागून हात टेकलेले गट जास्त. म्हणून आधी पानाचं वेळापत्रक बघा.

पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून फुलावर येतो. एप्रिलमध्ये कोवळी पालवी फुटते. ती मऊ आणि लवदार असते, दाबली की फाटते. पान हाताला जाड, चामड्यासारखं लागायला मे उजाडतो. म्हणजे मेचा मध्य ते मृगाचा पहिला पाऊस एवढीच पहिली तोड. नेमक्या त्याच दिवसांत तेंदूपत्ता असतो आणि गावातले सगळे हात तिकडे गुंतलेले असतात. पावसाळ्यातलं पान ओलं, किडीने चाळण झालेलं आणि वाळवायला ऊन नाही. दुसरी तोड कोजागिरीनंतर डिसेंबरपर्यंत. तेव्हा पान पूर्ण वाढलेलं आणि ऊन कोरडं असतं, वाळवण्यासाठी हीच वेळ सगळ्यात चांगली. पण तेव्हा धान कापणी असते. आणि कॉलेज? ते जुलैत भरतं, जुलै ते सप्टेंबर कॅन्टीन सगळ्यात जोरात चालतं, दिवाळीत बंद, मग एप्रिलपर्यंत पुन्हा चालू. थोडक्यात, जुलै ते दिवाळी लागणारा प्रत्येक द्रोण मे महिन्यात तोडलेल्या पानाचा असणार.

आता किती पान लागेल ते मोजू. एका मध्यम कॅन्टीनची रोजची मागणी २०० द्रोण आणि १०० ताटल्या धरा. सहा इंची द्रोणाला दोन थरांत ४ पानं, दहा इंची ताटलीला १० पानं. (पळसाला पानं तीनच असली तरी इथे ‘पान’ म्हणजे त्यातली एक पाकळी; मधली मोठी तळाला, बाजूच्या दोन कडेला.) म्हणजे रोज १,८०० पानं. जुलै ते मध्य ऑक्टोबर कामाचे दिवस ७० धरले तर १,२६,००० पानं. वाळवताना, निवडताना पाचातलं एक पान जातंच, म्हणून तोडायची १,५७,५००. तेंदूच्या सवयीने ७० पानांचा पुडा बांधला तर २,२५० पुडे. हे एका कॅन्टीनचं झालं, तीनचे ६,७५० पुडे. एका बाईने दिवसाला ७५ पुडे तोडून बांधले तर ९० मनुष्यदिवस, म्हणजे दहा जणींचे नऊ दिवस. होण्यासारखं आहे, पण तेंदूच्या फळीवर (तेंदूपत्ता जमा करायच्या ठिकाणी) जायचं की पळस तोडायचा हे गटाने एप्रिलमध्येच ठरवायला हवं. तेंदूचा पैसा रोख आणि खात्रीचा असतो, त्यामुळे मेमध्ये ‘बघू’ म्हटलं तर कोणीही पळसाकडे येत नाही.

सुरुवात एकाच कॅन्टीनने करा, असं म्हणण्यामागे हाच हिशेब आहे.

तोड, वाळवण, साठवण

पान सकाळी दव उतरल्यावर तोडा. फांदी ओरबाडू नका, एका फांदीवरची तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पानं घेऊ नका. ज्या पळसावर लाखेचं बीज बांधलंय त्याला हातच लावायचा नाही, नाहीतर लाखवाल्याशी वर्षभराचं भांडण. भोक पडलेलं, गाठी आलेलं, पांढरे ठिपके असलेलं पान झाडाखालीच टाका. घरी आणून निवडू म्हटलं की ते ढिगात मिसळतं. मजुरी पुड्यावर द्या, किलोवर नको. किलोवर दिली की ओलं पान जास्त येतं आणि वाळल्यावर तुमच्या हाती काही राहत नाही.

तोडलेलं पान त्याच दिवशी पसरा. बांबूच्या तट्ट्यावर एकच थर, तोही खालची लवदार बाजू वर करून. कडक उन्हात तास-दीड तासच, नंतर मांडवाच्या सावलीत. दिवसभर उन्हात राहिलेलं पान गुंडाळतं, शिरेपाशी तडकतं आणि पुढे कितीही पाणी शिंपडलं तरी सपाट होत नाही. अर्धवट सुकलं की पुड्याला पुडा लावून वर पाट आणि दगड ठेवा. दोन दिवसांनी पुडे उलटून पुन्हा दाब द्या. तयार पान ओळखायची खूण अशी: मुठीत हलकं दाबलं तर वाकतं, सोडल्यावर हळूहळू उघडतं. कुरकुरलं तर जास्त वाळलं. गार लागलं किंवा हिरवा वास आला तर अजून ओल आहे. ही ओल असताना पोत्यात भरलं की आठवड्यात आतून गरम होतं आणि मधल्या पुड्यांवर पांढरी बुरशी धरते. बाहेरून पोतं कोरडंच दिसतं, म्हणून हात मध्यापर्यंत घालून बघत जा.

साठवणीची खोली हा या उद्योगाचा खरा खर्च आहे आणि प्रकल्प अहवालात तो सहसा दिसत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात मातीच्या भिंतीची खोली चालत नाही. विटांची भिंत, न गळणारं छत, जमिनीपासून किमान एक फूट उंच फळ्यांचा मचाण आणि भिंतीपासून हातभर अंतर एवढं हवं. पुडे बारदानात भरा, प्लास्टिकच्या खताच्या पोत्यात नको. त्यात ओल कोंडते. थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. मचाणाच्या पायांना वाळवी चढू नये म्हणून जळकं तेल लावतात. लावा, पण ते पानापर्यंत पोचता कामा नये, त्याचा वास द्रोणात उतरतो. चुलीचा धूर देऊन पान टिकवायची पद्धतही काही ठिकाणी आहे. घरच्या पंगतीला ठीक आहे, पण कॅन्टीनमध्ये धुरकट वासाचा द्रोण पहिल्याच दिवशी परत येतो. झडीचे चार-सहा दिवस गेले की ऊन पडेल त्या दिवशी अर्धी पोती उघडून हवा द्या. बुरशी धरलेला पुडा पुसून वापरायचा नाही, सरळ शेणखड्ड्यात टाकायचा. कुठलीही पावडर, गंधक, कीटकनाशक मारायचं नाही. ही वस्तू खाण्याला लागणारी आहे आणि चाचणीत ते निघतं.

द्रोण कसा बसतो, कुठे फुटतो

दाबायच्या आदल्या संध्याकाळी लागतील तेवढे पुडे ओल्या, घट्ट पिळलेल्या बारदानात गुंडाळून ठेवा. पानावर थेट पाणी मारू नका. सकाळी पान कापडासारखं वळायला हवं. कोरडं राहिलं तर साच्यात तडकतं. फार ओलं झालं तर वाफ कोंडून फोड येतात आणि दाबून झाल्यावर द्रोण हळूहळू उघडतो.

जोडणीत तीन गोष्टी सांभाळा. पहिली: वरच्या थराची गुळगुळीत बाजू अन्नाकडे, लव असलेली बाजू आत दडलेली. दुसरी: तळाला एक अख्खं मोठं पान, त्यात एकही टाका नको. द्रोण गळतो तो पानातून नाही, टाक्याच्या भोकातून. टाके कडेच्या अर्ध्या इंचात घ्या आणि दुसरा थर असा फिरवून ठेवा की वरचा जोड खालच्या जोडावर येणार नाही. तिसरी: मधली जाड शीर तळापासून कडेकडे, सूर्याच्या किरणांसारखी जायला हवी. ती कडेला आडवी आली की जिथे द्रोण वळतो नेमकी तिथेच मोडते. नव्या बाईला शिकवताना हे एकच दहा वेळा दाखवा, बाकी आपोआप जमतं.

टाके बांबूच्या चोयांचे घ्यायचे की शिलाई मशीनचे? कॅन्टीनसाठी शिलाई मशीन. जुनं पायाचं मशीन चालतं. १६ नंबरची सुई, सुती दोरा आणि टाका मशीन देईल तितका लांब. बारीक टाका घेतला की पान तिकिटासारखं टाक्याच्या रेषेवर फाटतं. चोया टोचतात, आणि कॉलेजमागे उष्टं खाणाऱ्या गाईच्या तोंडात जातात. स्टेपलरची पिन तर अजिबात नको. एक पिन पोह्यांत सापडली की ते कॅन्टीन संपलं. चिकटवायला खळ, मैद्याची लापशी, बाजारातला गोंद वापरायचा मोहही टाळा. खळीवर बुरशी सगळ्यात आधी धरते, आणि भारतीय मानक ब्यूरोचं पानं व शेती-उपपदार्थांच्या भांड्यांसाठीचं मानक, आयएस १८२६७ : २०२३, रसायनं, राळ आणि चिकटद्रव्यांना जागा देत नाही.

साच्याचं तापमान १०० ते १२० अंशांच्या आसपास ठेवा. दाबून धरायची वेळ दोन थरांना ८ ते १२ सेकंद. पावसाळ्यात थोडी जास्त. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका, तो हीटरजवळचं तापमान दाखवतो. साच्यावर पाण्याचा थेंब टाका: चर्र करून लवकर उडाला तर बरोबर. नुसता बसून राहिला तर थंड. मोत्यासारखा घरंगळला तर फार तापलंय, पान करपणार आणि कडा ठिसूळ होणार. द्रोणाची खोली दीड इंचाच्या वर नेऊ नका. सपाट पानाला खोल बसवायचं तर कडेला चुण्या पडाव्याच लागतात. साच्याला कडेने पन्हळ्या असल्या की चुण्या ओळीत पडतात, नसल्या की कुठेही पडून फाटतात. कप्प्यांची ताटली पळसात काढायच्या भानगडीत पडू नका, कप्प्याच्या धारेवर पान चिरतं. सुपारीच्या पानाच्या प्लेटमध्ये कप्पे येतात, कारण तिथे एकच जाड आवरण दाबलेलं असतं. पण सुपारी आपल्याकडे होत नाही. कोकण-कर्नाटकातून कच्चा माल आणून कुरखेड्यात दाबण्यात काही अर्थ नाही. उसाच्या चोथ्याची भांडी म्हणजे मोठा कारखाना आणि मोठं भांडवल, तो रस्ता बचत गटाचा नाही. माहूल वेलीचं रुंद पान मिळत असेल तर मात्र ताटलीच्या तळाला जरूर वापरा. दोन-तीन पानांत ताटली भरते.

दाबून निघालेले द्रोण लगेच एकात एक घालू नका. दहा मिनिटं सुटे, पालथे, जाळीवर. गरम असताना रचले की आत घाम धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधले द्रोण काळपट पडतात. तक्रार तुमच्याकडे येते तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही.

रोज प्रत्येक घाण्यातले पाच द्रोण कागदावर ठेवून तपासा. साधं गरम पाणी पुरेसं नाही. आपल्या कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे असतात, आणि तर्रीचं तेल पाण्यापेक्षा लवकर पाझरतं. उकळती तर्री अर्ध्यापर्यंत ओता, वीस मिनिटं ठेवा, उचलून खालचा कागद बघा. बोटाएवढा डाग चालेल, पसरलेला नाही. मग तोच भरलेला द्रोण एका हाताने कडेला धरून उचला. मुलं तसाच धरतात. कड वाकली तर पान कोवळं किंवा साचा थंड.

मशीन

आता तुमचा मूळ प्रश्न. बाजारात तीन प्रकार दाखवले जातात. पहिलं, कागदाच्या रोलवर आपोआप चालणारं मशीन. विक्रेता त्याचा तासाला हजारोंचा आकडा सांगतो आणि तो आकडा कागदासाठी खराही असतो, पण त्यात शिवलेलं पान जात नाही. गट फसतात ते बहुतेक इथेच. दुसरं, हाताने किंवा पायाने दाबायचं एका साच्याचं मशीन. तिसरं, मोटरवर चालणारं दोन साच्यांचं हायड्रॉलिक. तुम्हाला दुसऱ्या प्रकाराने एक हंगाम काढून तिसऱ्याकडे जायचं आहे. घेताना एकच गोष्ट पक्की करा: दाब धरून ठेवता येतो का. चाकाच्या झटक्याने आपटून लगेच उघडणाऱ्या मशीनवर कागद बसतो, पान बसत नाही. स्वतःचे शिवलेले शंभर द्रोण घेऊन जा आणि विक्रेत्याच्या मशीनवर स्वतः दाबून बघा. कोटेशनमध्ये साच्यांची किंमत धरली आहे की वेगळी, जादा हीटर मिळतो का, साचा बदलायला किती वेळ लागतो, हे कागदावर घ्या. ‘माल आम्हीच परत विकत घेऊ’ असं आमिष दाखवणाऱ्याकडून मशीन घेऊ नका. तसा करार करून पहिल्या खेपेनंतर फोन बंद होण्याचे प्रकार या धंद्यात जुने आहेत.

वीज गावठाण फीडरवरचीच हवी. शेतीच्या फीडरवर आठ तास आणि तेही रात्री मिळाले तर कारखाना चालत नाही. व्होल्टेजचा हिशेबही लक्षात ठेवा: २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर हीटरची उष्णता सुमारे ६१ टक्क्यांवर येते. संध्याकाळी द्रोण ‘बिघडतात’ ते बाईच्या हाताने नाही, यामुळे. अशा वेळी धरायची वेळ वाढवा किंवा काम सकाळकडे ओढा. मोटरला स्टॅबिलायझर लावा. कमी व्होल्टेजवर ती जास्त करंट ओढून जळते.

आणि अडतं कुठे ते आधीच बघा. दोन साच्यांच्या मशीनला एका फेरीला २० सेकंद धरले तर तासाला १८० फेऱ्या, ३६० नग. चहा, साफसफाई, वीज, चुकलेला माल वजा करून ६० टक्के धरले तर तासाला २१५, सहा तासांत जवळपास १,३००. शिलाई मशीनवर एका द्रोणाला ४० सेकंद म्हणजे तासाला ९०, सहा तासांत ५४०. म्हणजे एका दाबयंत्रामागे तीन शिलाई मशीनं. हाताने दोन मिनिटं लागत असतील तर सात जणी. तुमच्या अडीच लाखांत महागडं मशीन बसेल, पण साठवणीची खोली आणि तीन शिलाई मशीनं त्यात राहून जातील. तसं करू नका.

भाव

खाली धरलेले दर तुमच्या गावच्या दराने बदलून घ्या, पद्धत तीच. पुड्याला ५ रुपये धरले तर पान ७ पैसे, घट धरून ९ पैसे. एका द्रोणाची पानं ३६ पैसे. शिलाई ३०० रुपये रोज भागिले ५४० म्हणजे ५६ पैसे. दाबायला दोघी, ६०० भागिले १,३०० म्हणजे ४६ पैसे. वीज दिवसाला ११ युनिट, दहा रुपयांनी ११०. नगाला ९ पैसे. दोरा आणि बांधणी १२, वाहतूक १५. बेरीज १ रुपया ७४ पैसे. शंभरात आठ नग बाद जातात, म्हणून भागिले ०.९२, १ रुपया ८९ पैसे. यंत्रं, शिलाई मशीनं, मचाण मिळून अडीच लाख पाच वर्षांत फेडायचे तर वर्षाला ५०,०००. दोनशे दिवसांत २,६०,००० नग निघाले तर नगाला १९ पैसे, व्याज आणखी १० धरा. एकूण खर्च नगाला २ रुपये १८ पैसे. अडीच रुपयांच्या खाली विकलात तर उधारी थकली की घरातले पैसे घालाल. दहा पानांच्या ताटलीचा खर्च याच पद्धतीने वेगळा काढा, तो द्रोणापेक्षा जास्त येतो. मात्र यात २,६०,००० नग खपले असं धरलंय. एकाच कॅन्टीनवर नग ५४,०००च्या आसपास राहतात आणि तेच १९ पैसे ९३ पैसे होतात. म्हणून पहिल्या वर्षी मोठं मशीन नको म्हणतो.

चकचकीत कागदी द्रोणाशी भावात टक्कर होणार नाही, तो प्रयत्नच करू नका. कॅन्टीनवाल्याशी बोलताना दुसरा मुद्दा हातात आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आहे. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे बंद झाले. आणि जुलै २०२२ च्या राज्याच्या दुरुस्तीने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-वाट्याही बंदीत आल्या. तो चांदीसारखा द्रोण बाजारात दिसतो म्हणून चालतो असं नाही. दंड कॅन्टीन चालवणाऱ्याला होतो आणि नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनाच्या वेळी प्राचार्यांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून कंत्राटदाराला भेटायच्या आधी प्राचार्यांना किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. कॅन्टीनचं कंत्राट बहुधा उन्हाळ्यात ठरतं. त्याच्या अटींत ‘प्लास्टिकचा थर नसलेली पानाची भांडी’ एवढी एक ओळ आली तर वर्षभराचं अर्धं काम झालं. नमुने मार्चमध्ये पोचवा, जुलैत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागेल, आणि तुम्हीही त्यांना सांगा. बसून खाणाऱ्याला स्टीलची ताटली धुऊन देणं हे कुठल्याही पत्रावळीपेक्षा बरं. वसतिगृहाच्या मेसला तुमचा माल गळ्यात मारू नका. तुमचं गिऱ्हाईक पार्सल, स्नेहसंमेलन, चर्चासत्रं, परीक्षा केंद्रावरचा नाश्ता आणि जिथे धुवायला पाणी-माणूस नाही ती टपरीवजा कॅन्टीनं. चहाचे पेले पळसात करायचा विचार सोडून द्या.

विद्यापीठाचं वर्ष १८० अध्यापन दिवसांच्या हिशेबाने आखलेलं असतं. उरलेल्या दिवसांत लग्नसराई, भंडारे, तेरव्या आहेत, त्यांना मोठी पत्रावळ लागते. साचा मागवताना १२ इंचांचा एक त्यासाठी घ्या. पण उन्हाळ्यात त्या ऑर्डरी घेताना नवं पान पत्रावळीत घालवून जुलैचा साठा मोडू नका. लग्नाचा माल डिसेंबरच्या तोडीतून काढा.

व्यवहार महिन्याच्या उधारीवर मागतील. पहिले तीन महिने पंधरवड्याचं बिल, त्यापुढे महिना. शंभराच्या गड्ड्या, कागदी पट्टीने बांधलेल्या, वर तयार केल्याची तारीख. ‘साठ दिवसांत वापरा, ओल्या जागी ठेवू नका’ असं मराठीत छापा. कॅन्टीनवाले गड्ड्या मोरीशेजारी ठेवतात आणि बुरशी आली की बोट तुमच्याकडे. पहिली खेप द्यायला जाल तेव्हा ठेवायची जागा स्वतः बघून या. उष्टे द्रोण कुठे जाणार हेही विचारा. परिसरात खतखड्डा असेल तर हाताने फाडून ओल्या उष्ट्यात मिसळले की दोन-तीन महिन्यांत विरतात. अख्खे, एकात एक अडकलेले टाकले तर वर्षभर तसेच दिसतात आणि मग ‘कुजत नाहीत’ अशी बोंब होते.

कागदपत्रं

धुऱ्यावरच्या पळसासाठी मालकाची लेखी संमती आणि सातबारा पुरे. जंगलातल्या पानासाठी वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. ग्रामसभेचा ठराव घ्या. वाहतूक परवाना २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीने द्यायचा असतो. ठरावात कोणत्या महिन्यांत, किती पुडे आणि ग्रामकोषात किती भरणार ते लिहा, म्हणजे शेजारच्या टोल्याशी (वस्तीशी) वाद होत नाही.

उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लघुउद्योग नोंदणी) मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नका. शेडला नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मिळकतीचा उतारा) आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. वस्तूंची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातच असेल तर जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. छत्तीसगडला माल पाठवायचा झाला तर आधी सनदी लेखापालाला विचारा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अन्नसंपर्काचा अहवाल एकदा करून ठेवा, मोठी संस्था तो मागतेच. काही जण ‘कंपोस्टेबल’चं प्रमाणपत्र मागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ते प्रमाणपत्र कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी असतं. निव्वळ पान आणि सुती दोरा हे प्लास्टिकच नाही, एवढं पत्र देऊन सांगा.

कर्जाला पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही योजना बसते: ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे विशेष गटाला ३५ टक्के अनुदान, स्वतःचा हिस्सा विशेष गटाला ५ टक्के. हे अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, म्हणून हप्त्याचा हिशेब पूर्ण कर्जावर करा. पीएमएफएमई या अन्नप्रक्रिया योजनेतून द्रोण बसवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करा; ती योजना खाद्यपदार्थांची आहे, भांड्यांची नाही. प्रकल्प अहवालात यंत्राखालीच ‘कच्चा माल साठवण’ अशी वेगळी ओळ टाकून खोली, मचाण आणि मे महिन्याच्या तोडीची मजुरी धरा. पुड्यांची मजुरी मेमध्ये रोख जाते आणि कॅन्टीनचं पहिलं बिल ऑगस्टमध्ये सुटतं. मधल्या तीन महिन्यांचं खेळतं भांडवल अहवालात नसेल तर बँक ते नंतर देत नाही.